बोअरवाल्याचा कागद

मंडळी, उन्हाळा आला की अंबरनाथ-बदलापूरकडे बोअरच्या गाड्या फिरू लागतात. आपल्याकडे वर माती-मुरूम, खाली काळा कातळ. पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगांत असते. मुरमातून केसिंगचा पाइप पक्क्या कातळापर्यंत उतरवावा लागतो. पैसे वाचवायला कोणी तो आखूड घातला, तर वरची घाण बोअरमध्ये उतरते. वालधुनीकाठच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

राज्याचा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. बोअरच्या यंत्राच्या मालकाने नोंदणी केली पाहिजे, असे तो सांगतो. म्हणून गाडी दारात आली की आधी नोंदणीचा कागद मागा. आता वाचता येते ना? मग स्वतः वाचा. बोअर कोरडा गेला, तर तळापासून वरपर्यंत भरून घ्या. उघड्या बोअरमध्ये लेकरे पडत होती, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१० साली तसे बजावले आहे.

पंप बसवणारी पोरे म्हणतात, "गुरुजी, हात चालतो, मग कागद कशाला?" हात चालतो, खरे आहे. पण पंपाचे अर्थिंग राहिले, तर पाणी भरणाऱ्या बाईला शॉक बसतो. असा जीव गेल्यावर हात काय करणार? आयटीआयमध्ये पंप ऑपरेटर-कम-मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्याला दहावी लागते. शाळा अर्धवट सुटली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. वायरमनचा परवाना मात्र वेगळा. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात. हा अभ्यासक्रम जवळ कुठे आहे, ते अंबरनाथच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा.