दुकानातील सणांची सुट्टी: पेण आणि रोहा

निरनिराळ्या समाजांचे लोक काम करतात त्या दुकानात व्यवस्थापनाचा खरा कस सणाच्या सुट्टीत लागतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांना वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या.

रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्यात आगरी, कोळी, कातकरी, कोकणी मुसलमान शेजारी नांदतात. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे परप्रांतीय कुटुंबेही आली. त्यामुळे मिळून ठरवायच्या त्या चार सुट्ट्यांवर रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी, ईद, छठ असे अनेक हक्क सांगितले जातात. मालकाने एकट्याने यादी लावणे सोपे, पण ते अन्यायाचे. सर्वांशी बोलून केलेली यादी आणि पाळ्यांची अदलाबदल हीच रीत उजवी: ईदला एकाची पाळी दुसरा सांभाळतो, दसऱ्याला पहिला त्याची फेड करतो. पेणमध्ये गणपतीपूर्वीचे आठवडे मूर्तिविक्रीच्या घाईचे. तेव्हा रजा देणे अवघड, म्हणून बदली सुट्टी हंगामाआधीच, प्रत्येकाला समजेल अशा भाषेत, लिहून द्यावी.