लिबिया : एकीकरणाच्या टेबलाशी कोण?
(अभ्यासवर्गातील भाषण)



दोन भावांची वाटणी फिसकटली की हाल बायकांचे होतात, हे आपण रोज पाहतो. लिबियात 2014 पासून अख्ख्या देशाचंच तसं झालं. पश्चिमेला त्रिपोलीत एक सरकार, पूर्वेला दुसरं. मार्च 2021 मध्ये संयुक्त सरकार आलं, पण वर्षभरात पुन्हा फूट पडली. ही सरकारं एक होतील का?

आधी काही तारखा पाहू. 25 जून 2014 ला संसदेची निवडणूक झाली. त्याच दिवशी मत देऊन आलेल्या वकील सलवा बुगाइगिस यांना बेंगाझीत राहत्या घरी गोळ्या घातल्या. त्रिपोलीवरच्या चढाईला विरोध करणाऱ्या खासदार सिहाम सर्गीवा यांना जुलै 2019 मध्ये घरातून पळवून नेलं. नोव्हेंबर 2020 मध्ये ट्युनिसला 75 प्रतिनिधी समेटाची बोलणी करायला बसले आणि त्याच आठवड्यात वकील हनान अल-बरासी यांना बेंगाझीत दिवसाढवळ्या ठार केलं. समेटाची भाषा चालू होती, पण बोलणाऱ्या बाईला संरक्षण नव्हतं.

त्या बोलणीतल्या स्त्रियांनी नेतृत्वात 30 टक्के वाटा मागितला. तसं वचनही मिळालं. प्रत्यक्षात मंत्रिपदं मिळाली पाच. 24 डिसेंबर 2021 ची निवडणूक तर झालीच नाही.

का झाली नाही? कारण निवडणूक हरली तर खुर्ची जाते, आणि फूट चालू राहिली तर दोन्हीकडच्या खुर्च्या टिकतात. देशाचं उत्पन्न तेलाचं, आणि तो पैसा येतो त्रिपोलीच्या मध्यवर्ती बँकेत. ऑगस्ट 2024 मध्ये त्या बँकेच्या गव्हर्नरपदावरून वाद पेटला, पूर्वेनं तेल बंद केलं. सप्टेंबर संपायच्या आत तडजोड झाली! म्हणजे एकत्र बसता येतं. फक्त मतपेटीसाठी बसत नाहीत.

या भांडणाची किंमत कोण भरतं? सप्टेंबर 2023 मध्ये देर्ना शहरावरची, वर्षानुवर्षं डागडुजी न झालेली दोन धरणं फुटली. हजारो माणसं गेली. तेव्हा सामान्य लोक मात्र पश्चिमेकडूनही मदत घेऊन धावले. लोक फुटलेले नाहीत, सत्ता फुटली आहे.

म्हणून मला एकीकरणाची आशा पुढाऱ्यांच्या हस्तांदोलनात दिसत नाही. सलवा, सिहाम, हनान यांच्याबाबत जाब विचारला जाईल, तेव्हाच टेबलाशी बसलेली बाई निर्धास्तपणे बोलेल. न्याय बाजूला ठेवून केलेला समेट म्हणजे लुटीची नवी वाटणी. आपल्या गावातल्या तडजोडींनाही हेच लागू पडतं का? यावर आता तुम्ही बोला.