पेट्रोल महागले, मग गाड्या थांबल्या का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महागाई म्हटली की आपल्या मंडळात डाळ, गूळ आणि तेल यांची चर्चा होते. आज मीही तेलाचाच विषय घेतला आहे. मात्र फोडणीचे नव्हे, गाडीचे.

मुंबईत २९ मे २०२१ रोजी पेट्रोलने लिटरमागे १०० रुपये ओलांडले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी, केंद्राने कर उतरवण्यापूर्वी, ते ११५ रुपये ८५ पैशांवर गेले होते. म्हणून रस्ते काही ओस पडले नाहीत. कचेरी असते तेथेच राहते, आणि मुलांची शाळा उचलून घराजवळ आणता येत नाही. शिवाय पंपावर लिटर मागतो कोण? "शंभराचे घाला" असेच आपण म्हणतो. मार्च २०२१ मध्ये या शंभरात लिटरहून किंचित जास्त मिळे. नोव्हेंबरच्या त्या भावाने मिळाले ८६३ मिलीलिटर. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जात असेल, तर शंभरामागे सात किलोमीटर गेले. किंमत तीच ठेवून साबणाची वडी बारीक करतात ना, तसेच हे!

स्वतःची स्कूटर असलेला माणूस एखादी फेरी वाचवील, शेजाऱ्याला मागे बसवून नेईल, पुढची गाडी विजेवरची घेईल. रिक्षावाल्याचे तसे नाही. मुंबईची रिक्षा सीएनजीवर चालते. पण २०२१ च्या आरंभी किलोला पन्नास रुपयांच्या आसपास असलेला हा गॅस ऑगस्ट २०२२ मध्ये ८६ वर पोहोचला. भाजीवाली सकाळी उठून भाव वाढवते. रिक्षाचे भाडे सरकार ठरवते. १ मार्च २०२१ ला किमान भाडे २१ रुपये झाले. त्याचे २३ व्हायला १ ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. मधले एकोणीस महिने वाढीव भाव कोणी सोसला? दिवसाला चार किलो गॅस धरला, तर ८६ च्या भावाने रोजचे १४४ रुपये जादा. त्याच्या घरची बाई उरलेल्यात बाजार करते.

मग तो दोन तास अधिक चालवतो. रिकामा फिरण्याऐवजी स्टँडवर उभा राहतो. तिघांना शेअरने नेतो. आणि जवळचे भाडे नाकारतो, ज्यावर आपला सर्वांचा राग आहे. तो राग योग्यच आहे. नकार देणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि गुडघे धरलेल्या बाईला पिशव्यांसह उन्हात उभे ठेवणे मला मुळीच पटत नाही. तक्रार करावी, अवश्य करावी. पण भाडेवाढ जाहीर झाली की आपल्यातल्याच काही जणी "लुटतात मेले" म्हणतात, तेही मला पटत नाही. ते २३ रुपये पुढे २६ झाले १ फेब्रुवारी २०२५ ला. म्हणजे दोन वर्षे चार महिन्यांनी.