फारखती कोण देणार?

(नवी मुंबईत वाशी येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



रात्रभर गाडीत बसून तुम्ही वाशीला आलात. खाडीच्या पलीकडच्या अंगाला न्हावा-शेव्याचे बंदर आहे. ज्या गावांच्या जमिनीवर हे शहर आणि ते बंदर उभे राहिले, त्यांची कहाणी पुन्हा केव्हा तरी सांगेन. आज बंदराची आठवण काढली ती कापसापायी. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी. हा निर्णय कोणी घेतला, कोणाला विचारून घेतला आणि त्यात तुमचे किती गेले, याचा हिशेब तुम्हाला कोणी दिला का?

आता जरा लांब जाऊ. युरोपात 27 देशांनी मिळून एक संघ केला आहे. भाषा वेगळ्या, राज्ये वेगळी, पण तिजोरी काही अंशी एक. त्या सामाईक तिजोरीतला सुमारे तिसरा हिस्सा शेतीवर जातो. चाळीस वर्षांपूर्वी तर दोनतृतीयांशाच्या आसपास जात होता. कापूस तिथे पिकतो तो मुख्यतः ग्रीस आणि स्पेनमध्ये. ग्रीस 1981 साली संघात आला तेव्हा त्याने कापसाच्या मदतीचे कलम करारातच लिहून घेतले. आजही तिथल्या कापूसवाल्याला हेक्टरी वेगळी रक्कम मिळते. आणि आपण त्याच्याशी बाजारात स्पर्धा करायची!

मला त्यांची सबसिडी नको आहे. ती काही आदर्श व्यवस्थाही नव्हे. थेट मदतीतला सुमारे 80 टक्के पैसा 20 टक्के बड्या खातेदारांकडे जातो. लहान शेतकरी तिथेही ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येतोच. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. लहानसहान रकमा सोडल्या तर कोणाला किती मिळाले याची नावनिशीवार यादी तिथल्या सरकारांना दर वर्षी जाहीर करावी लागते. आणि वर्ष संपले की कारभाऱ्यांना त्यांच्या संसदेकडून फारखती घ्यावी लागते.

फारखती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. देणे फिटले की सावकाराने लिहून द्यायचा तो कागद. तसेच हे. तपासनिसांचे वेगळे न्यायालय हिशेब तपासते, संसद तो वाचते आणि मग मोकळीक देते किंवा नाकारते. 1998 च्या डिसेंबरात संसदेने 1996 सालच्या हिशेबाला फारखती नाकारली. आतल्याच एका हिशेबनिसाने, पॉल व्हान बाउटेनेन त्याचे नाव, गैरव्यवहाराची कागदपत्रे संसद सदस्यांकडे पोचवली होती. बक्षीस काय मिळाले? निलंबन आणि अर्धा पगार. म्हणजे तिकडचे साहेबही आपल्या साहेबांचेच भाऊबंद. एका आयुक्तबाईंनी ओळखीच्या दातांच्या डॉक्टरला सल्लागार म्हणून नेमले होते. तज्ज्ञांची समिती बसली. कारभारात जबाबदारीची थोडी तरी जाणीव असलेला माणूस सापडणे कठीण झाले आहे, अशा अर्थाचे तिने लिहिले. 15 मार्च 1999 च्या रात्री अख्ख्या आयोगाने, वीसच्या वीस जणांनी, राजीनामे दिले. पुढे सगळे स्वच्छ झाले असे नाही. 2023 च्या खर्चातही तपासनिसांना 5.6 टक्के रक्कम नियमाबाहेर गेलेली आढळली. पण आढळली आणि छापली.

आता घरी या. आपला महाराष्ट्रही वेगवेगळ्या भागांनी करार करून उभा केलेला संघच आहे. 1953 च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचा शब्द दिला गेला. राज्यघटनेच्या 371 (2) कलमात राज्यपालांवर जबाबदारी टाकली गेली. तीस वर्षांनी दांडेकर समितीने मोजमाप केले. 1984 चा तिचा अहवाल सांगतो की अनुशेष 3,186 कोटींचा, त्यातला विदर्भाचा 1,246 आणि मराठवाड्याचा 750 कोटी. वैधानिक विकास मंडळे मात्र आली 1994 साली. त्या वर्षीचा अनुशेष पुन्हा मोजला तर तो एकूण 14 हजार कोटींवर. महागाई धरली तरी कर्ज फिटत नव्हते, व्याजासकट वाढत होते.

मग महामंडळे निघाली. कृष्णा खोऱ्याचे 1996 ला, विदर्भाचे 1997 ला. कृष्णा खोऱ्यासाठी रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला, हमी राज्याची. खर्च वाढला आणि विधिमंडळाची नजर एक पाऊल लांब गेली. गोसीखुर्दचे पाहा. 1983 ला मंजुरी 372 कोटींची, 1988 ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन, 2016 पर्यंत अंदाज 18 हजार कोटींच्या पुढे. पंतप्रधानांनी कोनशिला बसवली तेव्हा पाळण्यात असलेले पोर आज नातवंडांची वाट पाहायच्या वयाला येऊ लागले आहे. राज्याच्याच 2011-12 च्या आर्थिक पाहणीत ओलिताचे क्षेत्र 2001-02 मध्ये 17.8 टक्के आणि 2009-10 मध्ये 17.9 टक्के असे छापून आले. आठ वर्षांत एक दशांश टक्का! आकडा बरोबर की चूक यावर वाद झाला, 2012 ला श्वेतपत्रिका निघाली. त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पुन्हा त्याच पदावर आले. तीन महिन्यांची फारखती.

विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. ती मंडळे फार मोठे काम करत होती असे मी म्हणणार नाही. पण अनुशेष मोजणारे एक टेबल तरी होते. माप काढून नेले की तूट दिसत नाही, हे बाजार समितीत माल नेणाऱ्याला कळते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की यापुढे आपण अर्थसंकल्पाच्या दिवशी तरतुदीचे आकडे ऐकून टाळ्याही वाजवू नयेत आणि छातीही पिटू नये. तरतूद हा वायदा आहे. महालेखापालांचा अहवाल हा हिशेब आहे, आणि तो पुष्कळदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आमदार घरी जायच्या गडबडीत असताना, सभागृहात ठेवला जातो. आपल्या आमदाराला विचारा, वाचला का? लोकलेखा समितीत त्याचे पुढे काय झाले? जिल्हा नियोजन समितीत मार्च महिन्यात किती पैसा घाईने उधळला गेला?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एकाच प्रकल्पाचा कागद आणावा. जास्त नको, एकच. मंजुरी कोणत्या साली, मूळ किंमत किती, आजवर खर्च किती, कालव्याचे पाणी प्रत्यक्ष किती हेक्टरवर पोचले. ज्वारीच्या रानात कालवा कोरडा पडला असेल तर तोही जाऊन पाहा, म्हणजे कागदावरचे हेक्टर आणि रानातले हेक्टर ताडून पाहता येतील. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. अर्ज मराठीत लिहा, पोच घ्या, पोचेवर तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर ती पोच घेऊनच बैठकीला या.