मांड्या भरून येतात तेव्हा



गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. रोज पहाटे तालमीत जातो, जोर-बैठका मारतो, संध्याकाळी मातीत उतरतो. मी आहारशास्त्राची शिक्षिका, म्हणून सल्ला विचारायला आला होता. पिशवीतून त्याने एक डबा काढून टेबलावर ठेवला. डब्यावर लिहिलं होतं ‘बीसीएए’. म्हणाला, “ताई, रोज दोन स्कूप घेतोय. तरी जास्त बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतातच. दुसऱ्या कंपनीचा घेऊन बघू का?”

मी विचारलं, “डब्याचे पैसे कुठून आणलेस?” थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दूध आणि अंडी बंद केली.”

त्या उत्तरामुळेच आज मी हे बोलायला बसले आहे.

आधी त्याच्या दुखण्याचं बघू. मांड्या भरून येतात त्या लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, असं बहुतेक व्यायामशाळांत सांगितलं जातं. ते खरं नाही. जोराच्या व्यायामात स्नायूत लॅक्टेट वाढतं हे बरोबर, पण तास-दीड तासात ते निघूनही जातं. आपलं दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी, आणि कधीकधी तिसऱ्या दिवशी जास्तच होतं. सिंहगड चढताना दम लागतो, घाम येतो. पण सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, ते गड उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजनही पेलत असतो. त्या ओढाताणीत त्याचे अतिसूक्ष्म धागे जागोजागी विस्कटतात. मग शरीर तिथे डागडुजी सुरू करतं, थोडी सूज येते, आणि ठणका लागतो. बैठकीत खाली जाताना हेच घडतं. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने हे उशिरा येणारं दुखणं १९०२ सालीच वेगळं ओळखलं होतं, आणि स्नायूच्या आत काहीतरी तुटत असावं असा अंदाजही बांधला होता. हाच गड दोन आठवड्यांनी पुन्हा केलात, तर दुखणं बरंच कमी असतं. तेवढ्यासाठी कसलंही चूर्ण लागत नाही. स्नायू पहिल्या वेळेला शिकलेला असतो.

आता डब्यात काय असतं ते पाहू. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. या नवांपैकी ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तिघांची रचना फांद्या फुटल्यासारखी असते. त्यांचं मिश्रण म्हणजे बीसीएए. त्यातलं ल्युसिन खरोखर कामाचं आहे. ते रक्तात वाढलं की स्नायूंच्या पेशींना बांधकाम सुरू करण्याचा निरोप मिळतो. डब्याची जाहिरात एवढं सांगते आणि थांबते. पुढचं सांगत नाही.

पुढचं समजायला आपल्याला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जावं लागेल. विल्यम रोझ नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथे होते. थ्रिओनिन हे अमिनो आम्ल त्यांनीच १९३०च्या दशकात शोधलं. पुढे १९४०च्या दशकात त्यांनी आपल्या तरुण विद्यार्थ्यांनाच प्रयोगात घेतलं. आहारात स्टार्च, साखर, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं सगळं द्यायचं, पण प्रथिनांऐवजी शुद्ध अमिनो आम्लं मोजून द्यायची. मग त्यांतलं एकच काढून घ्यायचं आणि काय होतं ते पाहायचं. आवश्यक अमिनो आम्लांपैकी एक जरी काढलं, तरी शरीरातून बाहेर जाणारा नायट्रोजन आत येणाऱ्यापेक्षा वाढायचा. म्हणजे अंगातलं प्रथिन झिजायला लागायचं. त्या मुलांची भूक जायची, थकवा यायचा, चिडचिड व्हायची. ते आम्ल परत दिलं की पुन्हा सगळं ठीक. बाकीची कितीही भरपूर असली, तरी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नव्हती. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण माझ्या समोरच्या डब्यात एक नव्हे, सहा आवश्यक आम्लं नव्हती.

ल्युसिन हा बांधकामावरचा मुकादम समजा. त्याने हाक दिली, गवंडी उभे राहिले. पण वाळू, सिमेंट, विटा आणल्याच नाहीत. मग गवंडी करणार काय? घराची मागची भिंत उकलून पुढची उभी करणार. उपाशीपोटी नुसतं बीसीएए घेतलं की स्नायूंचं असंच होतं. उरलेली सहा आम्लं स्नायूच मोडून काढावी लागतात. रॉबर्ट वुल्फ या संशोधकाने २०१७ साली उपलब्ध पुरावा तपासून हेच म्हटलं, की नुसत्या बीसीएएने स्नायू वाढतात या दाव्याला आधार नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये तरुणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजनाच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर स्नायूंच्या बांधणीचा वेग २२ टक्क्यांनी वाढला. म्हणजे परिणाम शून्य नाही, हेही सांगायला हवं. पण सगळी अमिनो आम्लं असलेलं व्हे, म्हणजे दुधातलंच प्रथिन, दिल्यावर जी वाढ दिसते, तिच्या जवळपास निम्मीच ही होती. दुखणं थोडं कमी जाणवतं असं काही प्रयोगांत दिसलं आहे. ताकद लवकर परत येते असं मात्र सातत्याने दिसलेलं नाही. ग्लुटामिन, आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो आम्लांच्या डब्यांचं तर निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसाला काहीच कारण नाही.

त्या मुलाबरोबर मी कागदावर हिशेब मांडला. त्याचं वजन साठ किलो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसं मानलं आहे. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला दीड ते पावणेदोन ग्रॅम धरू. म्हणजे रोजचे नव्वद ते एकशे पाच ग्रॅम. एक लिटर दुधात साधारण बत्तीस ग्रॅम. चार अंड्यांत चोवीस. मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांत बारा. डाळ, उसळ, पिठलं मिळून शंभर ग्रॅम कडधान्य पोटात गेलं तर वीस-बावीस. चार भाकऱ्यांत वीसच्या आसपास. बेरीज शंभराच्या पुढे गेली. आणि ज्या ल्युसिनसाठी तो डबा घेत होता, ते? अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी यांत ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. बीसीएएच्या पाच ग्रॅमच्या मापातही तेवढंच असतं. फरक एवढाच, की दूध-अंड्यांत उरलेली आठही आम्लं सोबत येतात. अंडी न खाणाऱ्यांनी सोयाबीनचा विचार करावा. दूध पचत नसेल त्यांना दही बहुधा चालतं.

भाकरी आणि पिठलं एकत्र खाण्यातही शहाणपण आहे. धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मिथिओनिन कमी. दोन्ही ताटात आली की एकमेकांची उणीव भरून निघते. आणि ज्वारीत ल्युसिन मुळातच भरपूर. इतकं, की १९६० साली हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमध्ये ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्रा या रोगाचा संबंध या जास्तीच्या ल्युसिनशी जोडला होता. पुढच्या सगळ्या प्रयोगांनी त्यांचं म्हणणं उचलून धरलं नाही. पण एकाच अमिनो आम्लाचा भार वाढला तर काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या भाकरीवरूनच विचारला होता, हे महाराष्ट्रातल्या माणसाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं. ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी असेल तर भाकरीला घाबरायचं काही कारण नाही.

शुद्धतेचाही प्रश्न आहे. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या असह्य वेदनांचा आजार झाला, आणि तीसहून जास्त माणसं दगावली. कारखान्यात तयार होताना त्या मालात अशुद्ध द्रव्यं शिरली असावीत, असा निष्कर्ष निघाला. आज ऑनलाइन मिळणाऱ्या डब्यात काय मिसळलं आहे हे पाहून कळत नाही. अमिनो आम्लांवर बंदी नाही. पण भेसळीतून बंदी असलेलं उत्तेजक पोटात गेलं, तर डोप चाचणीत जबाबदार खेळाडूच धरला जातो. राज्य स्पर्धेपर्यंत पोचलेल्या मुलांनी आणि त्यांच्या वस्तादांनी हे ध्यानात ठेवावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं काहीच घेऊ नये. आणि खूप व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर घरी न थांबता त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या वेळी स्नायू फार मोठ्या प्रमाणावर फुटलेले असू शकतात आणि मूत्रपिंडांना धोका असतो.

तो मुलगा निघताना म्हणाला, “मग डब्याचं काय करू?” मी म्हटलं, “तो राहू दे. तू रात्री किती वाजता झोपतोस?” एक वाजता, म्हणाला. पहाटे पाचला तालीम. चार तासांच्या झोपेत कुठला स्नायू भरून निघणार?

आपल्या घरात व्यायाम करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर माझी एक विनंती आहे. पुढच्या डब्याचे पैसे बाजूला ठेवा आणि उद्यापासून गवळ्याकडे अर्धा लिटर दूध जास्त लावा. आणि त्यांना दहाच्या आत झोपू द्या.