घोडा का अडला?



भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, ही बिरबलाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. गोष्ट सांगणारा भाकरीपाशी थांबतो, पानापाशी थांबतो आणि घोड्याला ओझरता हात लावून पुढे जातो. आज मला त्या घोड्यापाशीच तासभर थांबावयाचे आहे. घोड्याला फिरवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि नीट फिरवलेला घोडा पुढे उडी कशी मारतो, एवढाच माझा विषय.

प्रथम एका अडलेल्या घोड्याची हकीकत सांगतो. 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेची, म्हणजे मॉडर्न पेंटॅथलॉनची, महिलांची स्पर्धा झाली. पोहणे, तलवारबाजी, घोडेस्वारी, धावणे आणि नेमबाजी असे हे पाच खेळ. यात घोडा खेळाडूचा स्वतःचा नसे. चिठ्ठी टाकून जो वाट्याला येईल तो घ्यावयाचा, वीस मिनिटे त्याच्याशी ओळख करावयाची, मोजक्या उड्या मारून पाहावयाच्या आणि थेट मैदानात उतरावयाचे. पोहणे आणि तलवारबाजी संपली तेव्हा एक जर्मन खेळाडू सर्वांच्या पुढे होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. हा घोडा त्याच दिवशी आधीच्या स्वाराखाली अडून बसलेला होता. तिच्याखालीही तो अडला. ती रडत होती, चाबूक चालवीत होती, टाचा मारीत होती. घोडा मागे मागे सरत होता. कठड्याबाहेरून तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा लगावला, आणि त्यापायी त्या बाईंना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. खेळाडू शेवटी एकतिसावी आली. साऱ्या जगाने हे दृश्य पाहिले. त्याचा परिणाम असा की 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर पंचक्रीडेतून घोडाच हद्दपार झाला; त्याच्या जागी आता अडथळ्यांची शर्यत आहे.

यावर कोणी म्हणेल की घोडा शिकवलेला नसेल. तसे नव्हते; उड्यांचे शिक्षण त्याला मिळालेले होते. मग अडला का? आपण समजतो की शिक्षण ही घोड्यात भरून ठेवण्याची वस्तू आहे, आणि नळ फिरवला की कोणाच्याही बादलीत पाणी पडावे तशी ती कोणाही स्वाराला मिळावी. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्याकडे शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगिराचा सरकारी. पण बारगिरालासुद्धा लढाईच्या सकाळी चिठ्ठी टाकून घोडा मिळत असेल असे मला वाटत नाही.

आता घोड्याकडे त्याच्या बाजूने पाहू. निसर्गाने त्याची पाठ ओझे वाहण्यासाठी केलेली नाही. त्याला आपल्यासारखे गळ्याचे हाड नाही. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखे असते. रिकामा उभा असतानाही निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो, आणि स्वार बसतो तोही पुढच्या पायांच्या जवळ. म्हणजे मुळात पुढे कललेल्या गाडीवर पुढेच पोते टाकावे तसे झाले. जोर तर मागच्या पुठ्ठ्यांत आहे. तेव्हा सपाटीवरच्या साऱ्या शिक्षणाचा हेतू असा की घोड्याने मागचे पाय पोटाखाली अधिक घ्यावे, पाठ वर उचलावी आणि पुढचा भार हलका करावा. हे त्याला सांगून होत नाही. त्याचे अंग तसे घडवावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

आरंभ लांब दोरीवर होतो. शिकवणारा मध्ये उभा राहतो आणि घोडा त्याच्याभोवती मोठ्या वर्तुळात फिरतो; पाठीवर अजून कोणी नाही. आवाजावर चालणे, आवाजावर थांबणे, दोन्ही बाजूंनी सारखे फिरणे एवढेच. यातच एक गोष्ट ध्यानात येते : आपण जसे उजवे किंवा डावखुरे असतो, तसाच घोडाही एका बाजूचा असतो. एका बाजूला तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूला फळीसारखा ताठ राहतो. ताठ बाजूला वळताना तो खांदा टाकून वर्तुळ तोडतो. मग स्वाराला वाटते की हा हट्टी आहे. तो हट्टी नसतो. त्याला तिकडे वाकताच येत नसते.

पाठीवर स्वार आल्यानंतर तीन चालींचे काम सुरू होते. साधी चाल चार ठेक्यांची. दुडकी दोन ठेक्यांची. तिरप्या जोडीने, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा असे पाय एकदम पडतात. कँटर म्हणतात ती धाव तीन ठेक्यांची, आणि तीत एक पुढचा पाय पुढाकार घेतो. डावीकडच्या वर्तुळात डाव्या पायाचा पुढाकार हवा, नाहीतर वळणावर घोड्याचा तोल बिघडतो. तबलजी जसा आधी ठेका पक्का करतो आणि मग तोडे शिकवतो, तसे येथे आहे. ठेका आधी, बाकी सारे मागून.

स्वाराची भाषा कोणती? पोटरीचा दाब, बैठकीचा भार आणि लगाम. आतल्या पायाने घोड्याला बाहेरच्या लगामाकडे न्यावयाचे, हे या विद्येतले पहिले आणि बहुधा शेवटचेही वाक्य आहे. पण या भाषेचे व्याकरण असे की घोडा दाबाने शिकत नाही, दाब थांबल्याने शिकतो. पोटरी लावली, घोडा पुढे झाला, की त्याच क्षणी पोटरी सैल पडली पाहिजे. ते सैल पडणे हेच त्याला मिळालेले 'शाबास'. जो स्वार सारा वेळ टाचा मारीत राहतो, तो घोड्याला एकच गोष्ट शिकवतो : टाचांना काही अर्थ नसतो. आणि अडल्यानंतर पाच मिनिटांनी, परत तबेल्याकडे आणून त्याला मारले, तर त्या माराचा मागच्या अडण्याशी संबंध जोडणे घोड्याला शक्य नाही. घोडे वळणावर आणणाऱ्याला मराठीत चाबुकस्वार म्हणतात. शब्द जुना आणि ठसकेबाज आहे, पण त्यात चाबूक आधी आणि स्वार नंतर आला आहे, हे मला नेहमी खटकते. घोड्याला रागाच्या भरात हाताळू नये, हे ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ला गेरिनिएर नावाचा एक थोर अश्वशिक्षक होऊन गेला. त्याचा ग्रंथ 1733 साली पूर्ण स्वरूपात निघाला. घोड्याचा खांदा भिंतीपासून किंचित आत घेऊन त्याला तिरपे चालवावयाचे, ही त्याची शिकवण. दिसावयास ही एक लकब वाटते. परंतु या तिरप्या चालीत आतला मागचा पाय पोटाखाली यावाच लागतो, आणि त्याच पायावर भार घेण्याची सवय घोड्याला लागते. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध स्पॅनिश अश्वशाळेत त्याची परंपरा आजही चालू आहे.

आता उडीकडे येतो. उडी शिकवावयाची म्हणजे एकदम भिंत पुढे उभी करावयाची नव्हे. पहिल्या दिवशी जमिनीवर एक बांबू टाकावयाचा आणि त्यावरून घोड्याला चालत न्यावयाचे. मग तसे तीनचार बांबू, दुडकीच्या पावलाला जुळतील असे, सुमारे सव्वाचार ते साडेचार फुटांच्या अंतराने. घोडा मान खाली घालतो, पाय मोजून टाकतो आणि पाठ उचलतो. म्हणजे सपाटीवर जे साधावयाचे होते तेच बांबूंनी साधून दिले. नंतर शेवटी एक लहानशी आडवी काठी उचलून ठेवावयाची. कँटरच्या एका झेपेला साधारण बारा फूट लागतात. उडी घेण्यापूर्वीचे सहा आणि उतरल्यावरचे सहा धरले, की दोन अडथळ्यांमध्ये एका झेपेसाठी चोवीस फूट, दोन झेपांसाठी छत्तीस फूट असा हिशेब होतो. मैदान आखणारा माणूस या फुटांशी खेळतो. अंतर दीड फूट कमी केले, तर झेप आखडून घेता आली पाहिजे. वाढवले, तर लांबवता आली पाहिजे. झेप आखडणे आणि लांबवणे हे कोठे शिकवले? सपाटीवर! म्हणून जाणते लोक म्हणतात की उडीची परीक्षा हवेत होत असली तरी अभ्यास जमिनीवरच होतो.

घोड्याची नजरही लक्षात घ्या. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. पण अगदी मागे आणि अगदी नाकासमोर दिसत नाही. उडी घेण्याच्या शेवटच्या क्षणी समोरची काठी त्याच्या दृष्टीतून नाहीशी होते, आणि तो आधीच्या अंदाजावर, विश्वासाने झेप घेतो. त्याला तांबडा आणि हिरवा यांतला भेद नीट कळत नाही. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत वर्षानुवर्षे नारिंगी पट्टे वापरीत. ते माणसांना ठळक दिसत. घोड्यांना गवतात मिसळल्यासारखे दिसत. एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधनानंतर 2022 पासून ते पांढरे करण्यास सुरुवात झाली. इतकी वर्षे कोणी घोड्याला विचारले नव्हते.

उडीच्या विद्येत क्रांती केली ती फेदेरिको काप्रिली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने. त्याच्यापूर्वी स्वार लांब रिकिबीत पाय पुढे ताणून, अंग मागे टाकून उडी मारीत. कल्पना अशी की त्यामुळे उतरताना पुढच्या पायांवरचा भार कमी होतो. प्रत्यक्षात सारे वजन घोड्याच्या कमरेवर आदळे आणि हवेतच त्याच्या तोंडाला लगामाचा हिसका बसे. म्हणजे घोड्याने उडी मारली की बक्षीस म्हणून वेदना! काप्रिलीने मोकळे घोडे उड्या मारताना नीट पाहिले. मान लांबवून, पाठीची कमान करून ते जातात. मग त्याने रिकिबी आखूड केल्या, बैठक खोगिरावरून उचलली, अंग पुढे घेतले आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ दिले. 1902 साली तुरीन येथील आंतरराष्ट्रीय मेळाव्यात लोकांनी हे पाहिले, आणि पुढे इटालियन घोडदळाने, मग जगाने, ते स्वीकारले. तो स्वतः 1907 साली घोड्यावरून पडून वारला. वय अवघे एकोणचाळीस.

येथे माझ्या विषयाला एक अडचण आहे. हाच काप्रिली रिंगणातल्या कसरतींच्या विरुद्ध होता. घोडा मोकळा सोडा, त्याचा तोल त्याला राखू द्या, असे त्याचे मत. मग माझ्या वर्तुळांचे काय? माझ्या मते काप्रिली हवेतल्या घोड्याबद्दल पूर्ण बरोबर होता, आणि उघड्या रानातल्या दौडीबद्दलही. पण आजचे उड्यांचे मैदान म्हणजे रान नव्हे. मर्यादित जागेत डझनभर अडथळे, ऑलिंपिकमध्ये दीड मीटरच्याही वर, मध्ये तिखट वळणे आणि वर घड्याळ. काठी पाडली की चार गुण गेले. वळण घेताना तोल सांभाळता येत नसेल, तर मोकळे सोडून काय उपयोग? काप्रिलीचा हात आणि ला गेरिनिएरचा पाय, असा आजच्या चांगल्या स्वाराचा संसार आहे.

घाईची गोष्ट सांगितलीच पाहिजे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ साधारण सहाव्या वर्षापर्यंत पुरी होत नाही. ऑलिंपिकच्या उड्यांत नऊ वर्षांखालील घोड्याला प्रवेश नाही, तो उगाच नव्हे. 1949 च्या फेब्रुवारीत चिलीमध्ये कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेल याने वासो नावाच्या घोड्यावरून 2.47 मीटरची उडी मारली. पहिल्या खेपेस घोडा नाकारून बाजूला झाला, दुसऱ्या खेपेस काठी पडली, तिसऱ्या खेपेस तो पलीकडे गेला. तो विक्रम आजतागायत मोडलेला नाही. त्या वेळी वासोचे वय पंधरा-सोळा होते, आणि त्यानंतर त्याला पुन्हा उडीला घातले नाही. 1961 पर्यंत तो सुखाने जगला.

आपल्या देशाने 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांच्या रूपाने घोडेस्वारीत सुवर्णपदक पाहिले. 2023 साली हांगझोऊला चार तरुण स्वारांनी, त्यांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा एक, सांघिक ड्रेसाजमध्ये, म्हणजे निव्वळ सपाटीवरच्या कामात, सुवर्ण मिळवले. मला याचा अभिमान वाटतो. मात्र याच विद्येतली एक जगद्विख्यात ब्रिटिश विजेती 2024 साली घोड्याच्या पायांवर चाबूक मारल्याच्या चित्रफितीमुळे पॅरिस ऑलिंपिकला मुकली, हेही लपवून चालणार नाही. पदक गळ्यात असले म्हणजे हात स्वच्छ असतोच असे नाही.

पंचक्रीडेतून घोडा काढला हे बरे झाले की वाईट? मला विचाराल तर ती पळवाट होती. वीस मिनिटांचा नियम काढावयास हवा होता. त्यांनी घोडाच काढला.

शेवटी आपल्या गावाचे बोलतो. आता सुट्टी लागेल, आणि मुलांना घोडेस्वारी शिकवावयास पाठवू इच्छिणारे पालक 'उडी किती दिवसांत येईल?' असे विचारू लागतील. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी एक सकाळ तेथे नुसते उभे राहावे. घोडे दोन्ही बाजूंना फिरवतात की एकाच? नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटे जातात का? तोंडाच्या कोपऱ्यांना जखमा आहेत का? तंगाखालची जागा सोललेली आहे का? मोतद्दार खरारा करतो तेव्हा घोडा कान मागे टाकतो की डोळे मिटून उभा राहतो? आणि धडा संपल्यावर तंग सैल करून, घोड्याचा श्वास खाली बसेपर्यंत त्याला हाताने चालवतात, की पुढचे मूल लगेच वर चढवतात? पुढचे मूल चढवीत असतील, तर आपल्या मुलाचा हात धरून सरळ घरी यावे.