कंपनाचा व्यायाम आणि स्नायूंचे बळ



व्यायाम म्हटला की जोर, बैठका आणि तालमीतील लाल माती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. गेल्या काही दशकांत त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. वेगाने थरथरणाऱ्या फळीवर काही मिनिटे उभे राहावयाचे आणि त्या कंपनांनी स्नायू बळकट करावयाचे, असा हा सर्वांग-कंपन व्यायाम होय. श्रमावाचून शक्ती मिळते, असे सांगून ही यंत्रे विकली जातात. सार्वजनिक पैशातून व्यायामसाहित्य घेणाऱ्या ग्रामपंचायतींनी व शाळांनी या दाव्यातील तथ्य पारखून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या स्नायूंत ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. कंपनामुळे स्नायू क्षणोक्षणी किंचित ताणला गेला की हे संवेदक मज्जारज्जूला वर्दी देतात आणि स्नायू आपोआप आकुंचन पावतो. स्वीडनमधील एकलुंड व हागबार्थ या शास्त्रज्ञांनी १९६६ साली माणसातील या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. व्यायामाची फळी सेकंदास साधारणपणे २० ते ५० वेळा कंप पावते. तिची हालचाल मात्र काही मिलिमीटरांचीच असते.

याचा परिणाम काय होतो? बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली ६७ तरुणींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. १२ आठवड्यांनंतर कंपन-व्यायाम करणाऱ्यांच्या गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे बळ १६.६ टक्क्यांनी, तर वजनाचा व्यायाम करणाऱ्यांचे १४.४ टक्क्यांनी वाढले. अगदी सौम्य कंपनाच्या फळीवर तोच व्यायाम करणाऱ्या गटात मात्र वाढ आढळली नाही. कंपनाचा उपयोग आहे, हे यावरून दिसते. परंतु या तरुणी फळीवर नुसत्या उभ्या नव्हत्या. गुडघे वाकवून त्या पायांचा व्यायाम करीत होत्या. शिवाय त्यांना पूर्वी व्यायामाची सवय नव्हती, आणि अशांचे बळ सुरुवातीस लवकर वाढते.

हाडांच्या बाबतीत तर निराशाच पदरी आली. कॅनडातील टोरोंटो येथे रजोनिवृत्त झालेल्या २०२ स्त्रियांच्या अभ्यासात वर्षभर रोज २० मिनिटे सौम्य कंपन देऊनही हाडांची घनता वाढली नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झाले.

कंपनाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. वर्षानुवर्षे ट्रॅक्टर किंवा अवजड वाहने चालविणाऱ्यांना कंबरदुखीचा त्रास अधिक होतो, आणि त्यामागे कंपन हे एक कारण मानले जाते. म्हणूनच युरोपीय संघाने २००२ साली कामगारांना सोसाव्या लागणाऱ्या दैनंदिन कंपनावर मर्यादा घातली. मात्रा व कालावधी यांवरच हित-अहित अवलंबून असते. गरोदर स्त्रिया, हृदयात पेसमेकर बसविलेले, रक्ताच्या गुठळीचा विकार असलेले किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून या फळीवर पाऊल ठेवू नये.

सारांश, जोरकस व्यायाम ज्यांना झेपत नाही अशांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे यंत्र साह्यभूत ठरू शकेल. परंतु ते श्रमाची जागा घेऊ शकत नाही. शाळेच्या पटांगणातील बैठका, अथवा वृद्धांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पुनःपुन्हा उठणे-बसणे, यांनीही मांड्यांचे बळ वाढते. त्यास ना वीज लागते, ना अनुदान. खरेदीचा ठराव मांडण्यापूर्वी या साध्या उपायांचा अवलंब आपल्या गावी नियमितपणे होतो आहे काय, हे आपण आधी पाहावे, एवढीच विनंती.